साडूंच्या बेस गिटारच्या तारा

माणसाचा स्वभाव पत्रिकेत नसून तारेत असतो, असं मानणारा गृहस्थ अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल आणि तो नेमका माझा साडू निघाला, हे माझं भाग्य. आष्टीकडच्या एका सहकारी दूध सोसायटीत सकाळी फॅट तपासायचं आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची, असा त्यांचा संसार. ह्या जाड तारांच्या गिटारीचा आवाज मांडवात कुणाला वेगळा कळत नाही. एका नवरदेवाच्या मामांनी तर त्यांना विचारलं, "तुमी नुसतं धरून उभं ऱ्हायलाव का?" साडू हसले आणि एक कडवंभर थांबले. नाचणाऱ्यांचे पाय असे एकमेकांत गुंतले, की मामाच हात जोडत आले.

तारांच्या बाबतीत ते सोयरीक जुळवणाऱ्यापेक्षा चोखंदळ. खरबरीत वेढ्यांची नवी तार खणखणीत बोलते, पण बोट सरकलं की कुरकुरते आणि घामानं तिचा आवाज लवकर बसतो. गुळगुळीत वेढ्यांची तार मवाळ, खोल घुमणारी. तिला ते 'म्हातारी' म्हणत. ऑर्केस्ट्राला खणखणाट हवा, म्हणून बसलेल्या तारा ते चक्क पातेल्यात उकळत. मळ निघून आवाज परत यायचा. दुष्काळात टँकरच्या पाण्यावर हा उद्योग सुरू झाला तेव्हा अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, कडाडली, "प्यायला पानी न्हाई आन् तारांचा काढा कावून करताय?" साडूंनी मुकाट्यानं ते पाणी गार करून लिंबाच्या रोपाला घातलं.

त्याच वर्षी अक्काला ऐकू येणं कमी झालं. कानात यंत्र आलं, पण त्यातून खणखणीत तार तिला सुईसारखी टोचायची. लग्न झाल्यापासून, वरातीचे दिवस सोडले तर, रोज संध्याकाळी शेजारी बसून ऐकणारी ती बाई. आता साडूंनी गिटार काढली की हसून परसात निघून जायची. साडू एके दिवशी उठले आणि पुण्याला जाऊन गुळगुळीत तारा घेऊन आले.

त्या लावल्या तेव्हा मी तिथंच होतो. अक्कानं यंत्र काढून ठेवलं होतं. साडूंनी तिचा तळहात गिटारच्या लाकडावर टेकवला, सगळ्यांत जाड तार छेडली आणि भुवया उंचावून विचारलं, "आलं?"

अक्कानं डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "आलं. पार पोटापर्यंत आलं."

ऑर्केस्ट्राच्या मालकाला मात्र तो आवाज पटेना. "लोकं नाचाया पायजेत, पेंगाया न्हाई. तारा बदला, न्हाईतर मी माणूस बदलतो." दुष्काळानं लग्नं कमी झाली होती, सोसायटीचं दूधही आटलं होतं. मी साडूंना म्हणालो, "वरातीपुरत्या बदला की! नंतर परत लावा."

"सारखी काढघाल केली की तार मरती, पाव्हणं," ते म्हणाले. "आन् वरात संध्याकाळचीच असती. तवा घरी ती कुनाची गिटार ऐकंल?"

त्यांनी ऑर्केस्ट्रा सोडला.

परवा गेवराईला एका लग्नात ते माझ्या शेजारी बसले होते. मंचावर कुणीतरी नवी खणखणीत बेस वाजवत होतं. साडूंची बोटं मांडीवर आपोआप हलू लागली. मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी हात खिशात घातला.

"चांगलं वाजवतंय," ते म्हणाले आणि जेवायच्या आधीच उठले. उन्हं अजून मांडवावरच होती.

"बसा की, एवढी घाई कसली?"

"लांब जायचंय," ते म्हणाले. "संध्याकाळच्या आत पोचाया पायजे."