दोन्ही चिठ्ठ्यांवर 'लग्न'

गेल्या शनिवारी सकाळी मी जामसांवलीच्या मारुतीसमोर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. एक लेकीच्या लग्नाची, दुसरी पुढच्या शिक्षणाची, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे दोन्हींवर मी 'लग्न'च लिहिलं होतं. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात, आणि पांढुर्ण्याच्या बहिणीला मी आधीच शब्द देऊन बसलो होतो.

त्यातली एक उचलली, 'लग्न' निघालं, आणि देवाचा कौल म्हणून लेकीनं ते मानलं. मला मात्र तेव्हापासून घरात कोंडल्यासारखं झालं. पूजेला बसायचीही हिंमत होईना.

आज दुपारी तिच्या बी.ए.च्या पेपरची उजळणी घेत होतो. उद्या पेपरला एक शोकांतिका आहे. त्यातला राजा स्वतःचा हट्ट देवाची आज्ञा म्हणून सांगतो आणि सगळं घर बुडतं. मी प्रश्न वाचला, "नाशाला जबाबदार कोण, दैव की राजा?"

"राजाच, बाबा. देव तं काहीच बोलला नाही. हाच त्याच्या नावानं बोलून राहिला."

"मंग थांबला काहून नाही?"

"लोकांले काय सांगन तो? भरदरबारात बोलून बसला ना!"

मी पुस्तक मिटलं आणि तिला चिठ्ठ्यांचं सांगितलं. तिनं माझा फोन उचलून माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "आत्याले तुमीच सांगा."

तिच्यासमोरच फोन लावला.

"दादा, देवाचा कौल मोडून राहिला का?" बहीण ओरडली.

"देवानं कौल देल्लाच नाही, बाई. लबाडी माही होती. पोरगी शिकन."

तिनं फोन कापला. मारुतीच्या नावानं ज्यांना खोटं सांगितलं, त्यांत या ग्रुपवरचे तुम्ही मित्रही होता; कौल लागल्याचं मी इथंच कळवलं होतं. म्हणून इथंही लिहून टाकलं.