भावजींचा पंचनामा

आमच्या भावजींइतका प्रामाणिक सरकारी माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि अशा माणसाला आपली बहीण द्यावी की नाही, याबद्दल माझं मत अजून नक्की झालेलं नाही. रोह्याच्या बाजूला ते वनरक्षक आहेत. सरकारने राखायला दिलेल्या डोंगराला ते 'आपलं घर' म्हणतात आणि ताई राहते त्या घराला 'तिकडे'. पाणवठ्यावर कुणाचे ठसे उमटलेत ते पाहायचं, वणवा अडवायला आखलेल्या जाळरेषेवरचा पाला ओढून काढायचा, आणि कुठे तोडलेलं खोड दिसलं की सुतकी चेहऱ्याने जेवायला बसायचं, हा त्यांचा दिनक्रम. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यासंपल्या त्यांनी मांडवाच्या वाशांकडे बोट दाखवून माझ्या सासऱ्यांना विचारलं, "लाकडाचा पास हाय का?" पेणला माझ्या गणपतीच्या कारखान्यात आले की मूर्तींना ओझरता नमस्कार करून उंदरांपाशी थांबतात आणि शेपट्या आखूड पडल्यात म्हणून माझ्या कारागिरांना झापतात.

धुराचा वास आला की मात्र ते पुरणपोळीवरूनही उठतात. उन्हाळ्यात आमच्याकडे राब भाजतात, म्हणजे भाताचं बी पेरायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात. त्यातली एक ठिणगी डोंगराला गेली की वणवा. म्हणून भावजी दारोदार सांगत फिरतात, "वारा पडला की भाजा, आन मला बोलवा, मी हुबा ऱ्हातो." एका वर्षी ते साऱ्या गावाच्या राबाशी उभे राहिले, पण स्वतःच्या राबासाठी त्यांना आठ दिवस सवड होईना. नवव्या दिवशी ताईने एकटीने काडी ओढली. वारा उठला आणि घरामागचा उतार पेटला. भावजी धावत आले, हिरव्या डहाळ्यांनी झोडपून त्यांनी आग विझवली, हातपाय धुतले आणि पंचनामा लिहायला बसले. आरोपी, पत्नी. ताई म्हणाली, "लिवा, पन वय दोन वर्सांनी कमी लिवा." भावजींनी तिचं आधार कार्ड मागितलं. त्याच संध्याकाळच्या गाडीने ताई पेणला माझ्याकडे आली.

"माझ्यापरीस त्यांना झाडं मोठी. मी आता परत जायाची नाय," एवढंच ती म्हणाली. माझी ताई उगाच बोलत नाही, त्यामुळे मी खरंच घाबरलो. पंधरा दिवसांनी भावजी आले ते आरोपीची सही घ्यायला. अंगात तोच कोपरावर जळलेला शर्ट होता आणि ते ओटीवरून आत यायला तयार नव्हते. ताईचा चष्मा तिकडेच राहिला होता, म्हणून मी कागद वाचून दाखवला. वय अगदी पूर्ण लिहिलेलं होतं. मग आगीचं कारण आलं: 'संबंधित वनरक्षक आठ दिवस स्वतःच्या घरी न फिरकल्याने आरोपीस राब एकटीने भाजावा लागला. दोष वनरक्षकाचा आहे.'

ताईने ते मला दोनदा वाचायला लावलं.

"तीस वर्सांत पयली चिठ्ठी लिवली," ती म्हणाली, "ती पन सरकारला." तिने सही केली आणि पिशवी भरायला आत गेली. साहेबांनी भावजींची खरडपट्टी काढली, पण भावजींनी ते वाक्य खोडलं नाही.

यंदा भावजी निवृत्त होतायत. परवा त्यांच्याकडे राब भाजला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. काडी ताईनेच ओढली आणि भावजी हातात डहाळी घेऊन बांधावर उभे राहिले, ताईच्या शेजारी. डोंगराकडे पाठ करून उभे असलेले भावजी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, आणि मला उगाचच भरून आलं.