नकाशावरचा हात

दोन हजार सोळा साल, मी एकाहत्तर वर्षांचा. आमच्या चर्चच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता. ज्या भाषांत अजून बायबल नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना होती. माझी सून उठली आणि समुद्रातल्या एका ठिपक्यावर तळहात ठेवून रडायला लागली. "प्रभू, तिथल्या लेकरांना त्यांच्या मायबोलीत तुझं वचन मिळू दे." सगळे आमेन म्हणाले. मी म्हणालो नाही.

हीच बाई, आमच्याच कोरकू जमातीतली, माझ्या नातीला कोरकू बोलू देत नाही. "शाळेत हसतात तिला, मामाजी." मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मला कळतं. लांबच्या भाषेवर माया करायला काय जातं? ती शाळेच्या दारात तुमची लाज काढत नाही. असल्या रडण्यावर मी थुंकतो. नात आता माझ्याशी मराठीत बोलते, पाहुण्याशी बोलावं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं चहा आणला. मी कोरकूत सांगितलं, नातीनं आपल्या बोलीत "घ्या" म्हटल्याशिवाय पिणार नाही. नात आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मी कप गार होऊ दिला.