देवाआधीचा घाणा

धुरपदाबाईंच्या हाताखाली आलेलं पीठ बिघडत नाही, असं मेहरूणमधली त्यांची गल्ली म्हणते. म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज खुद्द धुरपदाबाईंचाच असतो. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण आवाजाचं आणि हाताचं वय काही वाढलेलं नाही. दिवाळीआधी गल्लीतल्या बायका मैदा, साखर, तूप घेऊन भट्टीवर बिस्किटं भाजून आणायला निघाल्या की सगळ्यांत पुढे या. भट्टीवरची माणसं बाकीच्यांचं पीठ मळून देतात. यांच्या परातीला हात लावायची कुणाची छाती नाही. तूप फेसायचं ते स्वतःच्या तळहातानं, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. "तूपमा जो हात आखडस, त्याना हातले चव नही," हे त्या भट्टीवाल्याला दरवर्षी ऐकवतात आणि तो दरवर्षी मान डोलावतो. न डोलावून जातो कुठे!

त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं, सासर बोदवडजवळच्या खेड्यातलं. मुलगा नीलेश जळगावात नोकरीला लागला, मेहरूणला घर झालं, तेव्हा धुरपदाबाई आणि त्यांचे यजमान सुपडूनाना इथे राहायला आले. शेती दिराच्या हवाली केली, म्हशी विकल्या. म्हशी गेल्या तरी तूप काही गेलं नाही. अजूनही घरात साय साठते, लोणी कढतं, आणि वरणावर, खिचडीवर, भाकरीवर तुपाची धार पडते. पाहुण्यानं नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरला, तर त्या हातावर पडते.

आणि अशा बाईच्या नशिबी नात कशी आली, तर जिला दूधच चालत नाही.

डिंपल ही त्यांच्या लेकीची, धुळ्याला दिलेल्या मेघाची मुलगी. वय वर्षं सात, दोन वेण्या, आणि नजर फौजदाराची. दूध, दही, ताक, लोणी, तूप, यातलं बोटभर काही पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. अंड्याचंही तेच. डॉक्टरांनी मेघाला स्पष्ट बजावलं होतं. मेघानं आईला स्पष्ट बजावलं होतं. पण मागच्या दिवाळीत धुरपदाबाईंना वाटलं, डॉक्टर म्हणतात ते पिशवीतल्या दुधाचं. घरच्या तुपानं कधी कुणाचं वाईट झालंय? डिंपलनं विचारलं, "आजी, यात दूध आहे का?" आजी म्हणाली, "नही बेटा, खाई ले," आणि शंकरपाळं तिच्या हातावर ठेवलं. त्यात दूध नव्हतं हे खरं. तूप होतं. ऐन दिवाळीत दवाखाना गाठावा लागला.

पोर बरी झाली, कुणी धुरपदाबाईंना शब्दानंही दुखावलं नाही. पण तेव्हापासून डिंपल आजोळी येताना स्वतःचा डबा घेऊन यायला लागली. सगळे पंगतीला बसले की ही कोपऱ्यात तिचा निळा डबा उघडायची आणि आईनं दिलेलं तेवढंच खायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. या पोरीला तर ताकही नव्हतं. धुरपदाबाईंनी नुसतं केळं सोलून दिलं तरी ती आईकडे बघायची. केळ्यात कुठून आलं दूध? पण तिचं तरी काय चुकत होतं? तो निळा डबा बघून धुरपदाबाईंच्या काळजाला घरं पडायची. साऱ्या गल्लीची पोरं यांच्या हातचं खाऊन मोठी झाली, आणि सख्खी नात हातचं केळंही घेईना.

संक्रांतीच्या आधी एकदा फोनवर डिंपल बोलता बोलता म्हणाली, की शाळेत एका मुलीच्या वाढदिवसाला मऊ बिस्किटं वाटली. वर साखर चमकत होती. "मी नाही घेतलं. नुसतं बघितलं." एवढंच म्हणून ती दुसऱ्या गोष्टीकडे वळली. धुरपदाबाई मात्र तिथेच अडकल्या. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी सुनेला, कामिनीला, हाक मारली.

"दूध नही, तूप नही, अंडं नही. असं बिस्किट व्हस का? तुना फोनमा दख."

कामिनीनं शोधलं. "होतं आई. याला व्हेगन शुगर कुकी म्हणतात."

"नाव काय बी राहो, शे तर बिस्किटच ना? मंग मी करसू."

पहिल्यांदा त्यांनी शेंगदाण्याच्या तेलात केलं. ते सुपडूनानांना चाखायला दिलं. नानांनी ते दाताखाली धरलं, मग काढून हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हाई दारले अडकन म्हनीन चांगलं शे." दाराला अडकण म्हणून चांगलं, हा शेरा गल्लीभर होऊ नये म्हणून धुरपदाबाईंनी दोन दिवस त्यांच्याशी गोड बोलून घेतलं. मग कामिनीनं खाण्याचं, बिनवासाचं खोबरेल आणलं. जानेवारीची थंडी, रात्रीतून ते खोबरेल पांढरंधोप थिजलं. सकाळी परातीत त्यावर तळहात फिरवताच धुरपदाबाईंचा चेहरा उजळला. हे तर तुपासारखंच फेसलं जात होतं! पिठीसाखर, नारळाचं दूध, चिमूटभर मीठ, वेलदोडा, मैद्यात मिसळलेली बेकिंग पावडर. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. हे कुणाला सांगावं लागलं नाही, हातालाच कळलं.

कामिनीच्या छोट्या ओव्हनला त्या भट्टीच म्हणायच्या. कडा जेमतेम घट्ट झाल्या की त्या म्हणत, "काढ बाहेर."

"आई, मधे कच्चं दिसतंय."

"दिसू दे. थंडं व्हऊ दे, मंग बोल."

थंड झाल्यावर कामिनीनं एक मोडलं. मोडलं म्हणण्यापेक्षा ते अलगद दुभंगलं. तिनं अर्धा भाग तोंडात टाकला, आणि नानांनी ताटलीच स्वतःकडे ओढली. धुरपदाबाई म्हणाल्या, "आते बोला!" कुणाचं तोंड रिकामं नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मेघा आणि डिंपल यायच्या होत्या. त्या दिवशी धुरपदाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. नवी परात, नवी चाळणी. ओव्हनचे ट्रे राखेनं, मग साबणानं, मग उकळत्या पाण्यानं. ओटा दोनदा पुसला. तुपाची बरणी स्वतःच्या हातानं उचलून देवघरात नेऊन ठेवली, म्हणजे चुकून चमचा पडायला नको. कामिनी हसून म्हणाली, "ऑपरेशन आहे का आई?" धुरपदाबाई म्हणाल्या, "शेच."

बिस्किटं झाली. वर दाणेदार साखर भुरभुरली होती, ती चमकत होती. थंड झाल्यावर त्यांनी ती ताटात रचली, आंघोळ करून पूजेला बसल्या, आणि जन्मभर केलं तसं पहिल्या घाण्यातली चार बिस्किटं वाटीत घालून देवापुढे ठेवली. हात जोडले. पोरीनं माझ्या हातचं खावं, एवढंच मागितलं. मग वाटीतला प्रसाद ताटात परत मिसळला, म्हणजे सगळंच प्रसाद होतं. आणि त्या समाधानानं दारात जाऊन धुळ्याच्या गाडीची वाट बघत बसल्या.

मेघा आली, डिंपल आली, निळा डबाही आला. हातपाय धुऊन झाल्यावर धुरपदाबाईंनी नातीला समोर बसवलं आणि ताट पुढे केलं. डिंपलचे डोळे त्या साखरेवर खिळले. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"आजी, यात दूध आहे का?"

"नही."

"तूप?"

"नही. दूध नही, तूप नही, लोणी नही, अंडं नही. तुनी मामीले इचार."

कामिनीनं मान हलवली. डिंपलनं आईकडे पाहिलं. मेघानं ते लेकीवर सोडलं. मग त्या पोरीनं हात पुढे केला. मागच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा. धुरपदाबाईंनी वरचं बिस्किट उचलून तिच्या तळहातावर ठेवलं.

बिस्किट तोंडाकडे निघालं आणि धुरपदाबाईंना साखरेमधे एक ठिपका दिसला. पिवळसर, रवाळ, थिजलेला. थंडीत तूप थिजतं तसा.

तुपाचं बोट लागल्याशिवाय नैवेद्य शुद्ध होत नाही. सासूनं शिकवलं होतं, हातानं पन्नास वर्षं पाळलं होतं. देवापुढे वाटी ठेवली तेव्हा बरणी शेजारीच होती. त्यांनीच तर तिथे नेऊन ठेवली होती. डोळे मिटायच्या आधी हातानं चमचा उचलला, तुपाचा ठिपका लावला आणि चमचा जागेवर ठेवला. डोक्याला पत्ताच नाही. आणि मग तोच प्रसाद सगळ्या ताटात मिसळला.

"थांब!" त्यांनी झडप घालून बिस्किट काढून घेतलं. "खाऊ नको! यामा तूप शे."

डिंपलचा हात तसाच हवेत राहिला.

एक बिस्किट बदलून वेळ मारून नेता आली असती. खालचं एखादं कोरडं काढून दिलं असतं तर कुणाला कळलं असतं? हा विचार आलाच नाही असं नाही. आला, आणि त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर हाकललं. लाज वाटत होती, मरणाची वाटत होती. लेकीसमोर, सुनेसमोर, नवऱ्यासमोर. पण त्या नातीकडेच बघून बोलल्या.

"मीच टाकी दिधं. देवले निवद दाखाडताना. हातनी सवय शे बेटा, पन चूक मनीच शे. बठ्ठं ताट बिघडनं."

मेघानं धावत लेकीचे हात साबणानं दोनदा धुतले, ओठ तपासले. काही लागलं नव्हतं. डिंपल मात्र आजीकडे टक लावून बघत होती. तिला आजवर खूप जणांनी "नाही गं, खा" म्हटलं होतं. "आहे, खाऊ नको" असं आपणहून कुणी म्हटलं नव्हतं. ती रडली नाही. म्हणाली, "मग आता?"

हा प्रश्न ऐकला आणि धुरपदाबाई पुन्हा धुरपदाबाई झाल्या.

"आते काय? परत करसूत! कामिनी, ते ताट नानाले दे. पानी उकळाले ठेव. मेघा, तूपनी बरणी पुष्पाबाईकडे दी ये, सांजपर्यंत आनू नको." तुपाची बरणी शेजारच्या पुष्पाबाईंकडे मुक्कामाला गेली, धुरपदाबाईंच्या घरातून तूप बाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ. सुपडूनाना ताट मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले की त्यांची काही तक्रार नाही.

परात पुन्हा घासली गेली. या वेळी डिंपल शेजारी पाटावर बसली होती. खोबरेल फेसताना आजीनं तिचा छोटा तळहात आपल्या तळहाताखाली धरून परातीत फिरवला. साखर कुठली, पीठ कुठलं, ती प्रत्येक पुड्याला विचारत होती आणि आजी प्रत्येक पुडा तिला उघडून दाखवत होती. न चिडता. ज्यांनी धुरपदाबाईंना भट्टीवर पाहिलंय त्यांना हे सांगून खरं वाटणार नाही.

कडा घट्ट झाल्या. "काढ बाहेर," आजी म्हणाली. "कच्चं दिसतंय," नात म्हणाली. "थंडं व्हऊ दे," आजी आणि मामी एकदमच म्हणाल्या.

बिस्किटं गार झाली. सवयीनं कामिनीनं वाटी पुढे केली, पहिल्या घाण्याची, देवासाठी. धुरपदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं आणि वाटी बाजूला सारली.

"देव आज सकाळीच जेवना. तो थांबी." 

त्यांनी ताटातलं पहिलं बिस्किट उचललं आणि नातीपुढे धरलं. प्रश्न येणार म्हणून उत्तर ओठांवर तयार ठेवलं होतं. दूध नही, तूप नही, लोणी नही, अंडं नही.

डिंपलनं हात पुढे केलाच नाही. तिनं तोंड उघडलं आणि आजीच्या हातातूनच घास तोडला. प्रश्न तिनं विचारलाच नाही.