मोहनने घासलेल्या पुंगळ्या

मोहन गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरातल्या आंग मो किओच्या आमच्या फॅक्टरीत एका सप्लायरशी भांडत होतो. पलीकडून नलिनी, माझी बायको, एवढंच म्हणाली, "अहो, मोहनभाऊजी गेले हो…" शिपयार्डमध्ये जहाजाच्या दुरुस्तीवर उभा असताना छातीत कळ आली आणि हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही. मी रिसीव्हर ठेवला, स्टोअररूममध्ये गेलो आणि हमसून हमसून रडलो. नंतर इथल्या मराठी मंडळातले सगळे म्हणायला लागले, "सुधाकर, मोहनवर तूच लिही, तुझ्याइतका त्याला कोण ओळखतो?" मलाही तसंच वाटत होतं. त्याच्या तेराव्यापर्यंत वाटत होतं. तेव्हा आधीच सांगून टाकतो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी पुढे वाचू नये.

मोहन चीफ इंजिनिअर. बरीच वर्षं बोटीवर काढून सिंगापूरच्या ऑफिसात किनाऱ्यावर आलेला. आमची गाठ पडली ती मंडळाच्या गणपतीत. आरतीनंतर प्रसाद खाता खाता कळलं, की कॉलेजात दोघंही एनसीसीत होतो आणि दोघांनाही नेमबाजीचं वेड होतं. झालं! महिन्याभरात त्याने मला इथल्या एका रायफल क्लबचा मेंबर करून टाकलं. मोठा जिवाचा माणूस हो, खोटं कशाला बोलू? माझी मुलगी तापाने फणफणली तेव्हा टॅक्सी मिळेना, तर पठ्ठ्या क्लेमेंटीहून ऑफिसची गाडी घेऊन धावत आला होता. हसायला लागला की रेंजवरचे लोक वळून बघायचे. त्याची बायको मीनावहिनी, नलिनी, आम्ही दोघं… चौघांचं एकच घर असल्यासारखं होतं.

आता इथे बंदुकीचे कायदे किती कडक, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. रायफली क्लबच्या कुलपात, काडतुसंही तिथेच, झाडून झालेली रिकामी पितळी पुंगळीसुद्धा फाटकाबाहेर न्यायची सोय नाही. मात्र त्याच पुंगळ्या साफ करून, त्यात नवी दारू आणि नवी गोळी भरून त्या पुन्हा वापरायला क्लबची परवानगी होती. त्यासाठी मागच्या बाजूला एक खोली होती आणि तिची किल्ली मिस्टर लिम या म्हाताऱ्या मेंबरकडे असे. शनिवारी दुपारी ते खोली उघडून द्यायचे आणि दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. आमची कामं वाटलेली होती. पुंगळ्या घासायच्या मोहनने, दारू तोलून भरायची मी. घासायची पद्धत आपली घरचीच! टेक्का मार्केटमधून मीनावहिनी चिंच आणून देत. मोहन ती गरम पाण्यात कोळायचा, चिमूटभर मीठ टाकायचा, त्यात त्या काजळलेल्या पुंगळ्या भिजवायचा आणि बारीक ब्रशने आतून-बाहेरून घासून उन्हात वाळत टाकायचा. समई-तांब्या घासावा तसं. चिंचेचा वास खोलीभर पसरला की मिस्टर लिम पेपरमागून विचारायचे, "टुडे आसाम फिश, आह?" आसाम म्हणजे मलय भाषेत चिंच. मग मोहन त्यांना म्हणायचा, "यू ब्रिंग द फिश, लाह!"

एका शनिवारी मी आलो तर पुंगळ्या आधीच घासून, धुऊन, वाळवून तयार. आणि अशा लखलखीत, की मी म्हटलं, "काय रे, देवघरातून उचलून आणल्यास का?" तर म्हणाला, "बघत राहा सुध्या, हाताला यश आहे आपल्या." मी नेहमीप्रमाणे दारू तोलली, भरली, गोळ्या बसवल्या. पुढच्या आठवड्यात मिस्टर लिमनी त्यातली काही काडतुसं झाडून बघायला घेतली. दोन-चार बार ठीक झाले… आणि मग एक पुंगळी आतच बुडाशी फाटली. जळता गॅस आणि पितळेची कपची मागे उसळून थेट त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. चष्मा त्यांनी नुकताच कपाळावर सरकवला होता. तो डोळा पुन्हा नीट झालाच नाही.

कमिटीने आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, दारू कुणी भरली? मी म्हटलं, मी. जास्त पडली असेल का? मी म्हटलं, नाही, मी दोनदा तोलतो. मग त्यांनी मोहनकडे बघितलं. मोहनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझा मित्र अतिशय काळजीने काम करणारा आहे. त्या दिवशी जरा थकलेला होता, एवढंच." संपलं! त्या एका वाक्याने निकाल लागला. मला वाटलं, बघा, कसा माझी बाजू घेतोय. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पोलिसात काही जाणार नाही, लिमना मी सांभाळतो. तुझ्या नोकरीच्या पासला धक्का लागू देणार नाही." मी त्याचे हात धरून आभार मानले. आभार! आज ते आठवलं की अंगाची लाही लाही होते.

क्लब सुटलाच, पण तेवढ्यावर भागलं नाही. आपल्या हातून एका माणसाचा डोळा गेला ही गोष्ट मला आतून खात राहिली. मी कारखान्यात तपासनीस, दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा पगार घेणारा, पण मुलीला औषधाचा चमचा भरून दिला तरी माझी खात्री पटायची नाही. "तू बघ गं, बरोबर आहे ना?" असं नलिनीला विचारल्याशिवाय मी बाटलीचं झाकण लावत नसे. दर चिनी नववर्षाला संत्री घेऊन मी मिस्टर लिमच्या घरी जायचो आणि त्यांच्या डोळ्याकडे न बघता बोलायचो. हे सगळं मोहन बघत होता. "जाऊ दे रे सुध्या, किती मनाला लावून घेशील," असं वर मलाच समजावत होता.

तेराव्याला पानं उठल्यावर मीनावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "भाऊजी, एक सांगायचंय, रागावू नका. मिस्टर लिमचा डोळा गेला त्या वेळी माझी चिंच आणायची राहिली होती. ह्यांनी बोटीवरचं पितळेचं पॉलिश नेलं, घंटा-बिंटा चमकवतात ते, आणि आठवडाभर पुंगळ्या त्यात बुडवून ठेवल्या. त्यात अमोनिया असतो, त्याने पितळ ठिसूळ होऊन चिरतं, हे ह्यांना मागाहून कुणीतरी सांगितलं." मी विचारलं, "मागाहून म्हणजे कधी? कमिटीच्या आधी की नंतर?" वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आधी… पण तेव्हा आमचा पीआरचा, इथे कायमचं राहायचा अर्ज गेलेला होता हो."

आणि ही बाई इतकी वर्षं मला जेवायला वाढत होती! "भाऊजी, आणखी एक पोळी," म्हणत होती. मी चपला घातल्या आणि तसाच मिस्टर लिमच्या घरी गेलो. निदान त्यांना तरी कळू दे, की तो मी नव्हतो. सगळं भडाभडा सांगितलं. म्हातारा मग म्हणाला, "आय नो, लाह. युअर फ्रेंड टोल्ड मी लाँग टाइम अगो. इथेच बसून रडला. म्हणाला, सुधाकरला सगळं सांगितलंय आणि त्याने मला माफ केलंय. मग मीही केलं."  मी विचारलं, "मग मी दर वर्षी संत्री घेऊन का येत होतो, असं वाटलं तुम्हाला?" मिस्टर लिम गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "न्यू इयर, वॉट. मित्र येतात."

तिथून उतरलो आणि खालच्या कॉफीशॉपमध्ये बसलो. आम्ही दोघं नेहमी बसायचो तिथे. काउंटरवरच्या माणसाने न विचारता कोपी-ओ आणून ठेवली, बिनदुधाची, कमी साखरेची. कारण इतकी वर्षं माझी ऑर्डर मोहनच द्यायचा. मला दुधाची आवडते, हे सांगायची वेळच त्याने कधी येऊ दिली नाही. माझ्या वतीने तोच म्हणाला की मी थकलो होतो, माझ्या वतीने सांभाळलं म्हणाला आणि माझ्या वतीने स्वतःला माफही करून मोकळा झाला. अरे गाढवा, एकदा विचारलं असतंस तर शिव्या घालून का होईना, मी 'हो' म्हटलं असतं. आता मी नाही म्हणतोय, मोहन… आणि ते ऐकायला तू नाहीस.