दाब वाढवून काढलेलं तेल

भाऊजींच्या कामाच्या शर्टाची एक बाजू कशीबशी घासून झाली. ब्रश तसाच बादलीत सोडला. कॉलरला डिंकासारखा तपकिरी चिकटा, वास खवट. साबण लावावा तर साबणच चिकटून बसतो. देवासमोर जोडायचे ते हेच हात.

हे माझे धाकटे दीर, तेलाच्या कारखान्यात आहेत. उभं तारुण्य तेल साफ करायच्या कॉस्टिक सोड्याच्या कढयांपाशी गेलं, बोटांची सालं निघाली. ठरलेली सोयरीकही त्या वासापायी मोडली म्हणतात. मग पडद्याचं यंत्र आलं. त्या पडद्याची भोकं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. कच्चं तेल दाबाने त्यातून पार होतं, चिकटा अलीकडेच अडतो. कामगार त्याला सासूबाई म्हणतात, कारण हिच्या नजरेतून काही सुटत नाही. आमच्या सासूबाईंनी हे ऐकून सुनावलं, की बरं झालं, त्या कारखान्यात एकीला तरी काम येतं.

पडदा तुंबला की यंत्र थांबवून तो धुवायचा, ही तिथली रीत. काल तुंबला. मुकादमाला घाई, धुणं नको, दाब वाढव म्हणाला. भाऊजींनी चाक फिरवलं. धार जोरात सुटली तसे सगळे खूश. धार सुटली होती ती पडदा फाटल्यामुळे. हे कळेपर्यंत ते कच्चं तेल चांगल्या तेलाच्या टाकीत जाऊन मिसळलं, आणि आज दुपारपासून डबे भरणार. मुकादमाचं म्हणणं, दिसतंय ना पिवळंधमक, खाणाऱ्याला काय कळतंय.

भाऊजींनी टाकीतलं बाटलीभर आणलं होतं. मी कढईत तापवलं. आधी फेस आला, मग काळं पडलं, आणि असा वास सुटला की सासूबाई नाक धरून बाहेर गेल्या. लोकांच्या लेकराबाळांच्या पोटात हे घालायचं. शिसारी आली मला. तेलाची कमी, त्या मुकादमाची जास्त.

"तोंड उघडलं तर कामावरून काढतील, वहिनी," भाऊजी म्हणाले. "या वयात मला कोण ठेवून घेणार?"

"आणि गप्प बसलात तर घास उतरेल घशाखाली?"

त्यांनी कढईखालचा गॅस बंद केला.

"चाक मीच फिरवलं ना," म्हणाले. "मलाच माझी किळस येतेय."

मग चपला घातल्या. कारखान्याच्या मालकांच्या घरी गेलेत, डबे भरणं थांबवा म्हणून सांगायला.