मागं कोण हाय?

कोणी मयताचा हार मागायला आलं, की गंगामाय सुई उचलण्याआधी दोन गोष्टी विचारायची. "नाव काय व्हतं? आन् मागं कोण हाय?" घाईत आलेला माणूस वैतागायचा. तिकडे तिरडी बांधून झालेली आणि इकडे ही बाई चौकशा करत बसलेली! पण उत्तर मिळाल्याशिवाय ती दोऱ्याला हात लावायची नाही. मग फुलाफुलाला ते नाव पुटपुटत हार ओवायची. "बिननावाचं फूल मुक्कामाला पोचत न्हाई बाई," असं ती मला सांगायची, आणि हे कोणत्या पोथीत आहे ते विचारण्याची माझी छाती नव्हती.

मी लग्न होऊन हिंगोलीत आले, तेव्हा कयाधू नदीच्या बाजूला तिचा फुलांचा मळा आमच्या घराला लागूनच होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. घरात ती आणि तिचा मारोती, दोघंच. तिचा मालक गेला तेव्हा मारोती रांगत होता. बाई भारी फटकळ. एकदा मी देवासाठी म्हणून शेवंतीची कळी खुडली, तर तिनं माझा हातच धरला. "काहून तोडली? उमलू तर दे तिला. देवाला काय घाई हाय?" त्या दिवसापासून मी तिला भ्यायचे, आणि रोज तिच्याकडेच जाऊन बसायचे.

एका हिवाळ्यात शेवंती बहरात असताना मारोती मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला. त्याच दिवसांत विलायतेचा बादशहा वारला. आम्ही निजामाची रयत; विलायत कुठे आहे हेसुद्धा आमच्या गल्लीत कोणाला धड ठाऊक नव्हतं. पण तहसील कचेरीत मोठा दुखवटा ठरला आणि करीमभाई चपराशी गंगामायच्या दारात येऊन उभा राहिला.

"माय, साहेबाचा हुकूम हाय. उद्या सकाळी समदं फूल कचेरीत पायजे."

"नाव काय व्हतं?" गंगामायनं विचारलं.

करीमभाईनं नाव सांगितलं. ते काही तिच्या जिभेवर बसेना.

"आन् मागं कोण हाय?"

"राणी हाय. लेकरं हायेत."

गंगामायनं मळ्यावर नजर फिरवली. मग म्हणाली, "राणी झाली म्हून काय झालं? कुंकू पुसताना हात तर थरथरलाच असंल की तिचा."

पहाटेपासून आम्ही दोघी फुलं तोडत होतो. एरवी ती दर झाडावर एखादं फूल राखायची. त्या दिवशी एकही राखलं नाही. मारोतीच्या उशाशी बसून, मधूनच त्याच्या कपाळावरची पट्टी ओली करत, "राणीचा मालक, राणीचा मालक" असं पुटपुटत तिनं सगळे हार ओवले. ओल्या फडक्यात गुंडाळून करीमभाईच्या हवाली करताना म्हणाली, "वाटंनं पानी मारत जावा बाबा. विलायत लई लांब हाय म्हन्तेत."

करीमभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "व्हय माय, मारतो." त्या खोट्याबद्दल मी त्याला आजही दुवा देते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारोती गेला. नुकतं मिसरूड फुटलेलं, हसरं पोरगं. तिरडी बांधायला घेतली तेव्हा बायकांच्या ध्यानात आलं, की जिथून साऱ्या हिंगोलीच्या मयतांना फुलं जातात, त्या घरात आज एक फूल नाही. दुसरे मळेही कचेरीनं असेच झाडून नेले होते.

करीमभाईला कळलं तसा तो धावत आला. नोकरीची पर्वा न करता कचेरीतून कवेत मावतील तेवढे हार उचलून आणले होते. गंगामायनं आपल्या हातची गाठ ओळखली.

"हे गेले न्हाईत?"

"बादशाच्या तसबिरीला घातले व्हते माय. हितंच."

"म्हंजी राणीला न्हाईच पोचले?"

करीमभाईला रडू फुटलं. मी म्हटलं, "माय, घ्या हो ते. अजून ताजे आहेत."

"न्हाई." तिनं हार त्याच्याकडे परत सारले. "तिच्या मालकाच्या नावानं ओवलेत. एका मेलेल्याचं काढून माह्या लेकराला घालू व्हय? जिथले तिथं नेऊन ठेव बाबा."

मग ती उठली आणि मळ्यात गेली. ओटीत कळ्या घेऊन आली. हिरव्या, मिटलेल्या, शेवंतीच्या कळ्या. सुईत दोरा तिला ओवता येईना, तो मी ओवून दिला. मारोतीजवळ बसून तिनं जन्मभराच्या सवयीनं विचारलं, "नाव काय व्हतं?"

"मारोती," तीच म्हणाली.

"आन् मागं कोण हाय?"

सुई हातात धरून ती एकेकीच्या तोंडाकडे पाहू लागली. उत्तर मिळाल्याशिवाय ती ओवणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. शेवटी मीच म्हणाले, "माय हाय त्याची."

तेव्हा तिनं पहिली कळी ओवली.